रवींद्रनाथ आपल्याच वाटेने गेले होते

२६ सप्टेंबर १९३२, सोमवार. एकाहत्तर वर्षांचे रवींद्रनाथ ठाकूर कलकत्त्याहून येऊन सकाळी कल्याण स्टेशनवर उतरले आणि तिथून मोटारीने पुण्याला निघाले. येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींच्या उपोषणाचा तो सातवा दिवस होता. या प्रवासाबद्दल त्यांनी पुढे बंगालीत लिहिलं आहे. पुण्याची डोंगरवाट फार सुंदर वाटली, एवढं एकच वाक्य तिच्या वाट्याला आलं. मनात काळजी होती, बाकी काही लिहिण्यासारखी ती वेळ नव्हती.

कोणत्याही गावाचं नाव त्यांनी लिहिलेलं नाही. पण कल्याणहून मोटारीने पुण्याला यायचं म्हणजे बोरघाट चढायचा, खंडाळा-लोणावळा मागे टाकायचं आणि कार्ला, कामशेत, कान्हे, वडगाव, तळेगाव असं उतरत जायचं. आज आपण ज्याला जुना हायवे म्हणतो तोच हा रस्ता. सप्टेंबरच्या अखेरीला मावळात भात निसवायला लागलेला असतो, बांधांवर तेरडा असतो, डोंगरावरून अजून एखादी पांढरी धार उतरत असते. कान्हे फाट्यावर टाकव्याच्या गाडीची वाट बघत उभं राहिलं की मला हटकून ती मोटार आठवते.

आपल्याकडे रवींद्रनाथ, म्हणजे आपले 'टागोर', फार दूरचे मानले जातात. पांढरी दाढी, लांब झगा, नोबेल पारितोषिक, राष्ट्रगीत आणि शाळेच्या भिंतीवरची तसबीर यापलीकडे त्यांची ओळख जात नाही. मला मात्र वाटतं की मराठी माणसाला त्यांच्यापर्यंत जायला कलकत्त्याहून निघावं लागत नाही. त्यांच्या कवितेमागचा मुख्य विचार त्यांना प्रथम आपल्या पश्चिम किनाऱ्यावर गवसला. तो विचार समजून घ्यायला लागणारी किल्ली तर इंद्रायणीच्या काठावर, आपल्या घरात, कधीचीच आहे.

रवींद्रनाथांचा जन्म ७ मे १८६१ चा, कलकत्त्यातल्या जोडासाँको इथल्या वाड्यातला. वडील देवेंद्रनाथ ब्राह्म समाजाचे पुढारी. घरात उपनिषदं होती, गाणं होतं, नाटक होतं. पण आपल्या दृष्टीने या घरातला महत्त्वाचा माणूस म्हणजे त्यांचे थोरले भाऊ सत्येंद्रनाथ. इंडियन सिव्हिल सर्व्हिसमध्ये निवड झालेले ते पहिले भारतीय. त्यांची नोकरी मुंबई इलाख्यात झाली, त्यामुळे ठाकूरांच्या घरातली एक शाखा वर्षानुवर्षं आपल्याकडे नांदली. सत्येंद्रनाथ मराठी शिकले, मुंबईच्या प्रार्थना समाजाच्या मंडळींत मिसळले, आणि तिथे त्यांना तुकाराम भेटला. प्रार्थना समाजाच्या उपासनेत तुकोबांचे अभंग होतेच. त्यातच १८६९ आणि १८७३ मध्ये सरकारी मदतीने गाथेचे दोन छापील खंड निघाले होते, त्यामुळे अभंग वारकऱ्यांच्या वह्यांतून सुशिक्षितांच्या टेबलावर आले होते. सत्येंद्रनाथांनी तुकोबांचे अभंग बंगालीत नेले. धाकट्या भावानेही तरुणपणी काही अभंगांचे बंगाली पद्यानुवाद केले. संस्कृत, पाली, प्राकृत यांच्या सोबतीने ते अनुवाद 'रूपांतर' या संग्रहात आज वाचायला मिळतात.

१८७८ मध्ये विलायतेला जाण्यापूर्वी सतरा वर्षांचे रवींद्रनाथ भावाकडे आले. आधी अहमदाबादच्या शाहीबागेतल्या जुन्या महालात राहिले. 'क्षुधित पाषाण' ही त्यांची थरारक कथा पुढे त्याच महालाच्या आठवणीतून आली. नंतर इंग्रजी बोलण्याचालण्याचा सराव व्हावा म्हणून मुंबईत डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकरांच्या घरी त्यांना ठेवलं गेलं. आत्माराम पांडुरंग हे प्रार्थना समाजाचे संस्थापक आणि व्याकरणकार दादोबांचे भाऊ. त्यांची विलायतेहून परतलेली मुलगी अन्नपूर्णा या लाजऱ्या मुलाची शिक्षिका झाली. रवींद्रनाथांनी तिला 'नलिनी' हे नाव दिलं, तिच्यासाठी गाणी रचली. तू कधी दाढी ठेवू नकोस, चेहऱ्याची ठेवण झाकून जाईल, असं तिने सांगितल्याची आठवण म्हातारपणी त्यांनी मायेने लिहून ठेवली आहे. त्या दोन महिन्यांवर आपल्याकडे बरंच लिहून झालं आहे, म्हणून मी तिथे थांबत नाही. मला कारवारला जायचं आहे.

१८८३ मध्ये सत्येंद्रनाथ कारवारला न्यायाधीश होते. तेव्हा कारवार मुंबई इलाख्यात होतं. रवींद्रनाथ तिथे काही दिवस राहायला आले, वय बावीस. चंद्रकोरीसारखा वळलेला किनारा, सुरूची झाडं आणि समुद्राला मिळणारी काळी नदी. एका चांदण्या रात्री ही मंडळी होडीने नदीच्या वरच्या अंगाला गेली आणि परतताना किनाऱ्याच्या वाळूतून चालत घरी आली. 'जीवनस्मृती'त त्यांनी कारवारला स्वतंत्र प्रकरण दिलं आहे. त्या मुक्कामात त्यांनी 'प्रकृतिर प्रतिशोध' नावाचं पद्यनाट्य लिहिलं. ते १८८४ मध्ये प्रसिद्ध झालं.

गोष्ट साधी आहे. एक संन्यासी गुहेत बसून जगाशी असलेलं सगळं नातं तोडून टाकतो. माया जिंकली, आता मी मुक्त, अशा अभिमानाने तो बाहेर येतो. रस्त्यात त्याला गावाने वाळीत टाकलेली एक अनाथ पोर भेटते. तिला कोणी शिवत नाही, आसरा देत नाही. ती या संन्याशाला बाप मानते. त्याच्या मनात माया उगवते, तो घाबरतो आणि पोरीला टाकून पळून जातो. पण पळून गेल्यावर त्याला कळतं की जो अनंत त्याने गुहेच्या अंधारात शोधला, तो त्या लहानग्या हातात होता. दंडकमंडलू फेकून तो परत येतो. तोवर पोर मेलेली असते.

बावीस वर्षांच्या मुलाचं हे नाटक रंगभूमीच्या दृष्टीने कच्चं आहे. पण पन्नाशीच्या उंबरठ्यावर रवींद्रनाथांनी मागे वळून पाहिलं तेव्हा त्यांना दिसलं की पुढच्या सगळ्या लेखनाची ती प्रस्तावना होती. सीमेच्या आतच असीमाला भेटायचं, हा आपल्या साऱ्या काव्याचा एकच विषय, असं त्यांनी म्हटलं आहे. त्यांच्या काव्यविचाराचा गाभा हाच, आणि तो कारवारच्या वाळूत सापडला.

हा विचार जरा उलगडून पाहू. सीमा म्हणजे ज्याला आकार आहे, नाव आहे, अंत आहे ते सगळं. एक मूल, एक झाड, एक गाव, एक संध्याकाळ. असीम म्हणजे ज्याला यातलं काहीच नाही. आपल्या पुष्कळ तत्त्वज्ञांनी पहिलं खोटं ठरवून दुसरं खरं मानलं. रवींद्रनाथ म्हणतात, तसं केलं तर दोन्ही हातचं जातं. गाण्याचं उदाहरण घ्या. सूर अमर्याद असेल, पण तो ताल आणि शब्द यांच्या काठात वाहिला तरच गाणं होतं. काठ नसलेली नदी म्हणजे पूर. म्हणून बंधन हा मुक्तीचा शत्रू नाही, ते तिचं घर आहे. संसार टाकून, इंद्रियांची दारं बंद करून मिळणारी मुक्ती त्यांना नको होती. ईशोपनिषदाचा पहिला श्लोक घरात लहानपणापासून कानावर होता. त्यातल्या त्यागाइतकाच त्यातला भोगही त्यांनी मनावर घेतला.

वारकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला हे परकं वाटत नाही. तुकोबांनीही मोक्षाला बाजूला सारून भक्ताचा जन्मच मागून घेतला आहे. रंजल्यागांजल्यात देव ओळखायला सांगितलं आहे. विठ्ठलाशी ते भांडतात, रुसतात, त्याला जाब विचारतात, कारण नातं जवळचं आहे. रवींद्रनाथांचा देव निराकार असूनही असाच जवळचा आहे. कधी तो राजा असतो, कधी मित्र, कधी वाटसरू, कधी दाराशी उभा राहिलेला भिकारी. १८९६ च्या 'चित्रा' संग्रहात त्यांनी 'जीवनदेवता' अशी कल्पना मांडली. विश्वाचा कारभार पाहणारा हा परमेश्वर नव्हे. एकेका माणसाच्या आत बसून त्याचं आयुष्य घडवणारं, त्याच्या तोंडून बोलणारं कुणीतरी. कवी विचारतो की माझ्याकडून जे करून घ्यायचं होतं ते तुझ्या मनासारखं झालं का? हे बोलणं माझं नाही, बोलविता धनी वेगळा आहे, हा तुकोबांचा सूर ज्याच्या कानात आहे त्याला जीवनदेवता समजावून सांगायला टीकाकार लागत नाही.

म्हणून तुकाराम हा रवींद्रनाथांचा उगम आहे, असं मात्र मी म्हणणार नाही. वैष्णव पदावली, उपनिषदं आणि बाउल गायक ही त्यांची मुख्य शिदोरी. पूर्व बंगालमधल्या शिलाईदहच्या परिसरात बाउल लालन फकिराची गाणी लोकांच्या तोंडी होती. बाउल ज्याला 'मनेर मानुष', मनातला माणूस म्हणतात, त्याच्यावरच रवींद्रनाथांनी १९३० मध्ये ऑक्सफर्डला दिलेली व्याख्यानं उभी आहेत. पुढे ती 'द रिलिजन ऑफ मॅन' या नावाने पुस्तकरूपात आली. पण या सगळ्या वाटा तुकोबांच्या वाटेला ज्या ठिकाणी मिळतात, ते ठिकाण मराठी वाचकाला आधीपासून ठाऊक आहे.

एक फरक ठळक आहे आणि तो लपवू नये. तुकोबांनी दुष्काळ पाहिला, घरातली माणसं उपासमारीने जाताना पाहिली, दिवाळं सोसलं. रवींद्रनाथ जमीनदाराघरचे. दुःख त्यांनाही चुकलं नाही. १९०२ मध्ये पत्नी गेली, १९०३ मध्ये मुलगी रेणुका, १९०५ मध्ये वडील, १९०७ मध्ये धाकटा मुलगा शमींद्र. 'गीतांजली' या मृत्यूंच्या पलीकडच्या काठावर लिहिली गेली आहे, हे ध्यानात ठेवलं तर तिच्यातली शांतता वेगळी ऐकू येते. पण भूक त्यांनी भोगली नव्हती. त्यांच्या कवितेत कधी कधी जी मऊ धुकट जागा येते, तिचं कारण मला तिथे दिसतं.

ती धुकट जागा कथांमध्ये नाही. १८९१ पासून ते पूर्व बंगालमधल्या शिलाईदह आणि शाहजादपूरकडच्या जमिनीची व्यवस्था बघू लागले. 'पद्मा' नावाच्या होडीत राहायचं, गावोगावी फिरायचं, कुळांची गाऱ्हाणी ऐकायची. त्या काळात सत्येंद्रनाथांच्या मुलीला, इंदिरेला, त्यांनी लिहिलेली पत्रं 'छिन्नपत्र' म्हणून प्रसिद्ध आहेत. आणि त्याच काळात कथा आल्या. 'पोस्टमास्तर'मधली रतन, 'छुटी'मधला फटिक, 'काबुलीवाला'तला रहमत. १८९३ ची 'शास्ति' ही कथा तर ज्याने रवींद्रनाथांना निव्वळ गोड कवी ठरवलं आहे त्याने आधी वाचावी. दोन मजूर भाऊ दिवसभर जमीनदाराच्या कामावर राबून, मजुरी न मिळता, शिव्या खाऊन उपाशी घरी येतात. जेवण मागितल्यावर थोरल्याची बायको टोचून बोलते आणि तो तिच्या डोक्यात कोयता घालतो. भावाला वाचवायला धाकटा आपल्याच बायकोवर, चंदरावर, खुनाचा आळ घालतो. भाऊ गेला तर दुसरा मिळायचा नाही, हा त्याचा हिशेब. चंदरा गुन्हा नाकारत नाही. नवऱ्याकडे पाठ फिरवून ती फाशी पत्करते. तिच्या त्या हट्टात जो माणूसपणा आहे त्याला कुठल्याही तत्त्वज्ञानाची गरज उरत नाही. आणि तरी हे त्याच विचाराचं रूप आहे, कारण इथे अनंत एका अडाणी, अपमानित मुलीच्या मानेच्या ताठपणात उभा राहिला आहे.

या मुलीच्या पाठीमागे मला पुणंही दिसतं. १८८९ मध्ये रवींद्रनाथ काही दिवस सोलापुरात आणि पुण्यात होते. 'राजा ओ रानी' हे नाटक त्यांनी सोलापुरात लिहिलं. पुण्यात त्यांनी पंडिता रमाबाईंचं भाषण ऐकलं. सभेतल्या पुरुषांनी इतका गोंगाट केला की रमाबाईंना बोलणं थांबवावं लागलं. रवींद्रनाथांनी त्यावर लेख लिहिला. मराठी बायकांचा मोकळा वावर त्यांना आवडला होता आणि पुरुषांच्या त्या वागण्याची लाज वाटली होती. मात्र स्त्री आणि पुरुष बुद्धीने सारखेच, हे रमाबाईंचं म्हणणं त्यांना तेव्हा पटलं नाही. तसं त्यांनी स्पष्ट लिहिलं. हा लेख आज वाचताना त्रास होतो. पण पंचवीस वर्षांनी, १९१४ मध्ये, याच माणसाने 'स्त्रीर पत्र' लिहिली. त्यात मृणाल ही सून पुरीहून नवऱ्याला पत्र धाडते आणि पंधरा वर्षांच्या संसाराचा हिशेब मांडून सांगते की त्या घरात मी परत पाऊल टाकणार नाही. बंगाली समाजात त्यावर मोठी खळबळ उडाली. विचार बदलणारा लेखक तो बदल एवढ्या उघडपणे कागदावर ठेवतो, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

त्यांच्या लेखनात महाराष्ट्र उघडपणेही आला आहे. १९०४ मध्ये त्यांनी 'शिवाजी उत्सव' ही कविता लिहिली, ती सखाराम गणेश देउस्करांच्या शिवाजीवरच्या पुस्तिकेसाठी. देउस्कर हे देवघरजवळ स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातले. 'देशेर कथा' हे त्यांचं बंगाली पुस्तक स्वदेशी चळवळीत घराघरांत पोचलं होतं. त्याआधी 'कथा' या १९०० च्या संग्रहात शिवाजी आणि रामदासांवरची 'प्रतिनिधी' ही कविता आहे, आणि 'विचारक' ही रामशास्त्री प्रभुण्यांवरची. ही दुसरी मला जास्त आवडते. राघोबादादा मोठी फौज घेऊन हैदरावर निघालेले आहेत. शहर गर्जत आहे. रामशास्त्री रस्त्यात आडवे येतात आणि पुतण्याच्या खुनाचा निवाडा होईपर्यंत शहर सोडता येणार नाही असं सांगतात. राघोबा हसण्यावारी नेतात. तेव्हा शास्त्रीबुवा न्यायाधीशाचं पद, मान, वैभव सगळं तिथेच ठेवतात आणि आपल्या गावच्या गरीब झोपडीत निघून जातात.

हे कान्ह्यात बसून वाचताना अंगावर येतं. खुद्द राघोबा इंग्रजांचं सैन्य घेऊन बोरघाटाने वर आले ते याच पट्ट्यात. १७७९ च्या जानेवारीत कार्ल्यापासून तळेगावपर्यंत मराठ्यांनी त्यांना झुंजवलं आणि शेवटी इथून हाकेच्या अंतरावर वडगावला इंग्रजांना तह करावा लागला. आपण त्या लढाईत महादजींचा पराक्रम आठवतो, आठवायलाच हवा. बंगालच्या कवीला त्या सगळ्या काळातून एक निःशस्त्र न्यायाधीश निवडावासा वाटला. सत्तेपुढे एकटा उभा राहणारा माणूस हा त्यांचा कायमचा नायक. जालियनवाला बागेनंतर १९१९ च्या मे अखेरीस त्यांनी 'सर' ही पदवी परत करणारं पत्र व्हाइसरॉयला लिहिलं, तेव्हा त्यांच्या आतले रामशास्त्रीच बोलत होते, असं मी धरून चालतो.

'गीतांजली'विषयी बोलायलाच हवं, पण तिने आपलं थोडं नुकसानही केलं आहे. बंगाली 'गीतांजली' १९१० ची, १५७ कवितांची. त्यातली बरीचशी गाणी आहेत. त्यांना यमक आहे, ताल आहे, चाल आहे. इंग्रजी 'गीतांजली' १९१२ ची, १०३ गद्यकवितांची, आणि त्यातल्या साधारण निम्म्याच मूळ 'गीतांजली'तल्या. बाकीच्या इतर संग्रहांतून घेतलेल्या. १९१३ चं नोबेल मिळालं ते या इंग्रजी पुस्तकाच्या बळावर. जगाने आणि जगाच्या मागून आपणही तेच पुस्तक म्हणजे रवींद्रनाथ असं मानलं. दोन हजारांवर गाणी, 'गोरा'सारखी अवाढव्य कादंबरी, 'डाकघर', 'रक्तकरबी', उतारवयात काढलेली शेकडो विलक्षण चित्रं, हे सगळं एका संथ प्रार्थनेमागे झाकलं गेलं. आपल्या इंग्रजी अनुवादांबद्दल पुढे त्यांना स्वतःलाही असमाधान वाटत होतं. मराठीत कित्येकांनी 'गीतांजली' त्या इंग्रजीवरून आणली, म्हणजे सावलीची सावली. मूळ बंगालीवरून केलेला अनुवाद हाती आला तर तो निवडावा.

मूळ 'गीतांजली'त दोन कविता अशा आहेत की त्या प्रार्थनेच्या पुस्तकात असाव्यात याचंच आश्चर्य वाटतं. एकीत कवी देवळाची दारं लावून जपमाळ ओढणाऱ्याला उठवतो आणि सांगतो की देव तिथे नाही. जिथे शेतकरी ढेकळं फोडतोय, मजूर बारा महिने खडी फोडून रस्ता करतोय, तिथे तो उन्हापावसात धुळीने माखून उभा आहे. आषाढात कान्ह्याच्या खाचरांत चिखलणी चालू असते, इरली गेली आणि प्लास्टिकची खोळ आली तरी लावणी करणाऱ्या बायकांच्या पाठी तशाच वाकलेल्या असतात. ही कविता तिथे उभं राहून आठवावी. दुसरी कविता स्पृश्यास्पृश्यतेवरची आहे. आपल्या अभागी देशाला कवी बजावतो की ज्यांना तू अपमानाने खाली ढकललंस ते तुलाही खाली ओढतील, त्या अपमानात तुला त्यांच्या बरोबरीला यावंच लागेल. इथे दया नाही. शाप वाटावा असा इशारा आहे.

ती कविता लिहिल्यानंतर बावीस वर्षांनी कवी आपल्या रस्त्याने येरवड्याकडे जात होता. गांधीजींच्या उपोषणामागे दलितांच्या स्वतंत्र मतदारसंघांचा प्रश्न होता. २४ तारखेला करारावर सह्या झाल्या होत्या. उपोषणाचं दडपण डॉ. आंबेडकरांवर किती होतं हे आज आपण जाणतो आणि त्या कराराबद्दलचा त्यांचा सल पुढेही गेला नाही. रवींद्रनाथ पोचले त्या दिवशी सरकारची मान्यता आली आणि संध्याकाळी गांधीजींनी कस्तुरबांच्या हातून संत्र्याचा रस घेतला. त्याआधी रवींद्रनाथांनी 'गीतांजली'तलं एक गाणं म्हटलं, जीवन सुकून जाईल तेव्हा करुणेच्या धारेने ये, अशा अर्थाचं. त्याची मूळ चाल त्यांना ऐन वेळी आठवेना. सुचेल त्या सुरात त्यांनी ते म्हटलं, आणि हे त्यांनी स्वतःच प्रांजळपणे लिहून ठेवलं आहे. दुसऱ्या दिवशी पुण्याच्या शिवाजी मंदिरात मोठी सभा झाली. अस्पृश्यतेविरुद्धचं त्यांचं भाषण तिथे वाचलं गेलं.

पुढच्याच वर्षी, १९३३ मध्ये, त्यांनी 'चंडालिका' लिहिली. विहिरीवर पाणी भरणारी एक अस्पृश्य मुलगी. बुद्धाचा शिष्य आनंद तिच्याकडे पाणी मागतो आणि त्या एका मागण्याने तिला आपण माणूस आहोत हे कळतं. या मुलीचं नाव त्यांनी 'प्रकृती' ठेवलं. कारवारच्या नाटकाच्या नावातली 'प्रकृति' आणि त्यातली ती वाळीत टाकलेली पोर पन्नास वर्षांनी परत आली. पहिल्या नाटकात ती संन्याशाला शिकवण्यापुरती होती आणि मरून गेली. या वेळी ती स्वतः बोलते, मागते, चुकते, आणि नाटक तिचं असतं. पन्नास वर्षांत एका लेखकाची करुणा कुठून कुठे पोचली ते या दोन मुलींमधलं अंतर मोजून कळतं.

गांधीजींवर एवढं प्रेम असूनही १९३४ मध्ये बिहारचा भूकंप ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे असं गांधीजी म्हणाले, तेव्हा रवींद्रनाथांनी जाहीर विरोध केला. निसर्गाच्या घडामोडीला नैतिक कारण चिकटवणं त्यांना अविवेकी वाटलं. त्यांच्या अध्यात्मात बुद्धीला रजा नव्हती.

'रक्तकरबी'बद्दल थोडं सांगतो, कारण ते नाटक मावळच्या आजच्या पिढीचं आहे. रक्तकरबी म्हणजे आपली लाल कण्हेर. यक्षपुरी नावाच्या नगरीत माणसं जमिनीखालून सोनं काढतात. त्यांना नावं नाहीत, आकडे आहेत. राजा जाळीआड बसलेला आहे. तिथे नंदिनी नावाची मुलगी कण्हेरीची फुलं माळून येते. टाकव्याच्या आणि तळेगावच्या कारखान्यांत पाळीवर जाणाऱ्या, गळ्यात नंबरचं ओळखपत्र अडकवलेल्या मुलांना हे नाटक कोणी वाचून दाखवलं तर ती यक्षपुरी ओळखतील. इथल्याच एखाद्या भाताच्या खाचरावर आता शेड उभी आहे, आणि खाचराचा जुना धनी तिथे रखवालदार आहे. रवींद्रनाथ यंत्राच्या विरोधात नव्हते. माणूस आकडा होण्याच्या विरोधात होते.

मराठी माणसं त्यांच्याकडे गेलीही आहेत. काकासाहेब कालेलकर १९१४-१५ च्या सुमाराला शांतिनिकेतनात शिकवत होते आणि तिथेच त्यांची गांधीजींशी गाठ पडली. संगीतज्ञ भीमराव शास्त्री तिथे होते. पु. ल. देशपांडे पन्नाशीला आल्यावर बंगाली शिकायला शांतिनिकेतनात जाऊन राहिले. 'वंगचित्रे' आणि रवींद्रनाथांवरची त्यांची तीन व्याख्यानं आपल्याकडच्या वाचकाला आजही सर्वांत जवळची वाट दाखवतात. नागरीत लिहिलेलं बंगाली आपल्याला निम्मंअधिक कळतं, शब्दांचा साठा तोच आहे. थोडे दिवस उच्चारांची सवय करावी लागते, एवढंच.

रवींद्रनाथांचं निधन ७ ऑगस्ट १९४१ ला झालं. त्या वर्षीच्या 'जन्मदिने' या संग्रहात 'ऐकतान' नावाची कविता आहे. ऐंशीच्या घरातला, जगभर गौरवलेला कवी तिथे कबूल करतो की माझा सूर सगळीकडे पोचला नाही. शेतकरी, विणकर, कोळी यांच्या अंगणाच्या कडेपर्यंत मी गेलो, आत जायची शक्ती नव्हती. मातीच्या जवळचा कवी अजून यायचा आहे, त्याची मी वाट बघतो आहे. ही कविता वाचली की मला त्यांच्या तरुणपणीच्या वहीतले ते अभंगांचे अनुवाद आठवतात. ज्या कवीची वाट ते पाहत होते, तसा एक कवी तीनशे वर्षांपूर्वी देहूला होऊन गेला होता, आणि त्याचे शब्द त्यांनी आपल्या हाताने बंगालीत उतरवले होते.

ते बंगाली अनुवाद आणि मूळ अभंग समोरासमोरच्या पानांवर, दोन्ही नागरी लिपीत, अशी एक लहान पुस्तिका मराठीत निघायला हवी. तोपर्यंत एक करता येईल. कान्ह्याहून देहूरोडला लोकल जाते. पुढल्या बीजेला देहूला जाल तेव्हा पिशवीत गाथेसोबत रवींद्रनाथांच्या कथांचं एखादं मराठी पुस्तक ठेवा, आणि गाडीत 'शास्ति' वाचा.